स्लीव्ह कारच्या माथ्यावर

पर्वताची थोरवी केवळ त्याच्या उंचीवरून ठरत नाही. आयर्लंडमधील सर्वांत उंच शिखर कॅरनटूहिल हे १,०३९ मीटर उंच आहे आणि दरवर्षी हजारो लोक त्याचा माथा गाठतात. त्याच देशाच्या पश्चिमेस, अटलांटिक महासागराला लागून असलेल्या मेयो परगण्यात, स्लीव्ह कार नावाचा एक डोंगर आहे. ‘स्लीव्ह’ या आयरिश शब्दाचा अर्थ डोंगर असाच आहे. स्लीव्ह कारची उंची अवघी ७२१ मीटर. त्याच्या माथ्यावर ना मंदिर, ना किल्ला, ना विसाव्याची जागा. तरीही गिरिभ्रमणाची आवड असणाऱ्या लोकांत ‘आयर्लंडमधील सर्वांत दूरचे शिखर’ अशी त्याची ख्याती आहे.

दूरचे म्हणजे कोणापासून दूरचे? मोटारीच्या रस्त्यापासून, गावापासून, माणसाच्या वस्तीपासून. स्लीव्ह कार हा नेफिन बेग नावाच्या डोंगररांगेत वसलेला आहे. या रांगेला वेढून मैलोगणती ओलसर, मऊ आणि निर्मनुष्य प्रदेश पसरला आहे. त्यामुळे डोंगर चढण्यापेक्षा डोंगरापाशी पोहोचणे हेच येथे अधिक कष्टाचे काम ठरते.

रॉबर्ट लॉइड प्रेगर (१८६५–१९५३) या नावाचे एक थोर निसर्गाभ्यासक आयर्लंडमध्ये होऊन गेले. ते व्यवसायाने ग्रंथपाल होते. परंतु सुट्टीचा दिवस उजाडला, की ते पायी बाहेर पडत. देशात कोठे कोणती वनस्पती उगवते याची नोंद करण्यासाठी त्यांनी हजारो मैलांची पायपीट केली. अशा या अनुभवी पांथस्थाने १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नेफिन बेगच्या परिसराला देशातील सर्वांत एकाकी प्रदेश म्हटले आहे. मात्र या एकाकीपणाने त्यांचे मन खिन्न होत नसे. उलट तेथे त्यांना उत्साह वाटे.

हा प्रदेश इतका एकाकी का राहिला, हे समजण्यासाठी प्रथम पायाखालच्या जमिनीची ओळख करून घेतली पाहिजे. ही जमीन साधी माती नव्हे. तिला ‘पीट’ म्हणतात. जेथे वर्षातून अडीचशे दिवस तरी पाऊस पडतो आणि एकंदर पाऊस सुमारे १,२५० मिलिमीटरांहून अधिक होतो, अशा थंड प्रदेशात जमीन कधी वाळतच नाही. पाण्याने तुंबलेल्या त्या जमिनीत हवा शिरत नाही आणि मेलेली झाडेझुडपे पुरती कुजत नाहीत. त्यांचा थरावर थर साचत जातो व त्यांचेच तपकिरी, स्पंजासारखे पीट तयार होते. हे काम मुख्यत्वे स्फॅग्नम नावाच्या शेवाळाचे. हे चिमुकले शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते. पीटमध्येही वजनाने दहापैकी नऊ भाग पाणीच असते. घोंगडी अंथरावी त्याप्रमाणे हे पीट मेयोच्या सपाटीवर आणि डोंगरउतारांवर सारखेच पसरलेले आहे.

पीट साठण्याची गती फार मंद आहे. वर्षाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे एक मीटर जाडीचा थर साठण्यास जवळजवळ हजार वर्षे लागतात. सुकवलेले पीट उत्तम जळते. ज्या देशात दगडी कोळसा थोडा आणि जंगलेही थोडी, तेथे पीट हेच गरिबांच्या चुलीतले सरपण झाले. अरुंद पात्याच्या खास कुदळीने त्याच्या विटा कापाव्यात, उन्हा-वाऱ्यात वाळवाव्यात आणि घराजवळ त्यांची उडवी रचून ठेवावी, ही रीत तेथे शतकानुशतके चालत आली.

अशा प्रदेशात पायी जाण्यासाठी नुसता उत्साह पुरत नाही, पूर्वतयारी लागते. जाणता प्रवासी आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज पाहतो. मोठ्या प्रमाणाचा नकाशा आणि होकायंत्र तो बरोबर घेतोच. पण त्यांचा उपयोग कसा करावा हेही शिकून घेतो. पाऊस अडवणारे कपडे, एक जास्तीचा लोकरी सदरा, शिट्टी, विजेरी, पाणी आणि नेहमीपेक्षा थोडे अधिक खाद्य त्याच्या पाठीवरच्या पिशवीत असते. आपण कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार आहोत हे तो मागे राहणाऱ्या कोणाला तरी सांगून ठेवतो. हे सांगणे ही केवळ औपचारिकता नसते. वेळ उलटून गेली, तर शोध कोठे सुरू करायचा हे त्या एका निरोपावरून कळते.

वेळेचा हिशेबही आधीच करावा लागतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली त्यासाठी एक सोपा नियम सांगितला. त्याचा सारांश असा, की सपाटीवर दर पाच किलोमीटरांना एक तास धरावा आणि चढाच्या दर ६०० मीटरांना आणखी एक तास मिळवावा. समजा, वाट २० किलोमीटरांची आहे आणि एकूण चढ ९०० मीटरांचा आहे. तर चालण्याचे चार तास व चढाचा दीड तास मिळून साडेपाच तास होतात. पण हा हिशेब टणक जमिनीचा आहे. पीटमध्ये पाय रुतत असताना तोच हिशेब सात-आठ तासांवर जातो. विश्रांतीचा वेळ तर त्याहून निराळा. जून महिन्यात मेयोमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणून दिवस पुरतो. डिसेंबरात मात्र दुपारी सव्वाचार वाजताच सूर्यास्त होतो. तेव्हा उन्हाळ्यात सुखाने पार पडणारी वाट हिवाळ्यात धोक्याची ठरू शकते.

स्लीव्ह कारकडे जाणारी एक वाट दक्षिणेकडील लेटरकीन येथून निघते. आरंभी ती ‘बँगर ट्रेल’ या जुन्या मार्गाने जाते. न्यूपोर्ट आणि बँगर एरिस या दोन गावांना जोडणारा हा मार्ग सुमारे ४० किलोमीटर लांबीचा आहे. पूर्वी गुराखी या वाटेने आपली जनावरे बाजाराला हाकून नेत. आज त्या वाटेवर गाडी जात नाही आणि एकही दुकान लागत नाही. दगडगोट्यांची, कोठे ओढ्याच्या पाण्यात हरवणारी, कोठे चिखलात बुडालेली अशी ती पायवाट आहे. वाटेच्या कडेला मधूनच छप्पर नसलेल्या घराच्या दगडी भिंती दिसतात. चुलीची जागा ओळखू येते. पण चूल पेटवणारे कोणीच उरलेले नाही. या भिंतींची गोष्ट पुढे येईल.

वाट सोडून डोंगराला लागल्यावर पायाखाली एक निराळेच जग उलगडते. दुरून जी जमीन एकरंगी, उदास आणि तपकिरी दिसत होती, ती जवळून अनेकरंगी असल्याचे आढळते. स्फॅग्नमच्या गाद्या कोठे हिरव्या, कोठे पिवळ्या, तर कोठे तांबड्या असतात. उन्हाळ्याच्या आरंभी कापूसगवताचे पांढरे झुबके वाऱ्यावर डुलतात आणि उन्हाळा सरत येताना हेदरच्या झुडपांना जांभळी फुले येतात. डबक्यांच्या काठी ड्रॉसेरा ही किडे खाणारी वनस्पती आढळते. तिच्या पानांवरील केसांच्या टोकांशी चिकट थेंब चमकत असतात. त्यांवर बसलेला किडा परत उडत नाही. पीटमधून न मिळणारे पोषण ती अशा रीतीने मिळवते. तिचीच भावंडे साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात दिसतात आणि मराठीत त्यांना ‘दवबिंदू’ असे सुंदर नाव आहे.

येथे पाऊल टाकतानाही विचार करावा लागतो. चमकदार हिरवी जागा पाहून पाय टाकावा, तर तो गुडघ्यापर्यंत आत जातो; कारण ती जागा म्हणजे पाण्यावर तरंगणारे शेवाळ असते. जेथे हेदर किंवा गवताचा दाट झुपका असेल, तेथे जमीन त्या मानाने टणक असते. आणखी एक गोष्ट जाणते प्रवासी लक्षात ठेवतात. जेथे पायवाट आहे, तेथे ते एकामागे एक चालतात, म्हणजे वाट रुंदावत नाही; जेथे पायवाट नाही, तेथे ते पसरून चालतात, म्हणजे एकाच जागेवर सर्वांचे पाय पडत नाहीत. पीटमध्ये ३० सेंटिमीटर खोल चर पडला, तर जवळजवळ तीनशे वर्षांची साठवण उघडी पडते. पुढे पावसाचे पाणी त्या चरातून वाहू लागते आणि तो आपोआप रुंद होत जातो.

प्रथम नेफिन बेग हे ६२७ मीटर उंचीचे शिखर लागते. तेथे पोहोचल्यावर प्रवाशाला वाटते, की अर्धे काम झाले. परंतु स्लीव्ह कार अजून पुढे असतो आणि दोहोंच्या मध्ये खोल खिंड असते. कष्टाने मिळवलेली उंची त्या खिंडीत पुन्हा गमवावी लागते. खिंडीत स्कार्डॉन नावाची छोटी तळी आहेत. त्यांच्या काठी बसून प्रवासी भाकरतुकडा खातात. आणि दिवसातला सर्वांत महत्त्वाचा निर्णयही येथेच घेतला जातो.

पश्चिमेकडून ढग येत आहेत काय? घड्याळात किती वाजले? बरोबरच्या सर्वांचे पाय अजून खंबीर आहेत काय? अटलांटिकवरून येणारे धुके पाहता पाहता डोंगर झाकून टाकते. क्षणापूर्वी दिसत असलेला माथा नाहीसा होतो, दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो आणि सगळ्या दिशा सारख्याच वाटू लागतात. तशा वेळी माथ्याचा मोह सोडून मागे फिरणे हा पराभव नव्हे. डोंगर उद्याही तेथेच असतो. घरी सुखरूप परतण्यासाठी कधी चढण्यापेक्षा अधिक धैर्य लागते, कारण ते धैर्य स्वतःच्या इच्छेविरुद्ध वापरायचे असते.

आकाश स्वच्छ असेल, तर मात्र पुढचा चढ आनंदाचा होतो. जसजसे वर जावे, तसतसे पीट पातळ होत जाते आणि गारगोटीसारखा कठीण क्वार्ट्झाइट खडक उघडा पडू लागतो. पूर्वेकडील अंगाला हिमयुगातील बर्फाने कोरलेली वाटीसारखी खोल दरी आहे आणि तिच्या तळाशी एक काळेशार तळे आहे. वाऱ्याचा जोर वाढतो. शेवटचा उतार संपतो आणि माथ्यावर दगडांची एक मोठी रास दिसते.

ही रास प्रवाशांनी रचलेली नाही. ती प्रागैतिहासिक काळातील समाधी मानली जाते. तिच्या आयरिश नावाचा अर्थ ‘शुभ्रकेशी डाहीचे थडगे’ असा आहे. इतक्या दूरच्या, इतक्या वादळी माथ्यावर माणसांनी एकेक दगड रचून आपल्या माणसाची स्मृती जपली. ज्या शिखराला आज सर्वांत निर्जन म्हणतात, त्याच्या माथ्यावर सर्वप्रथम भेटते ती माणसाच्याच हाताची खूण!

राशीच्या आडोशाला उभे राहून चहूंकडे पाहिले, की डोळ्यांचे पारणे फिटते. दक्षिणेकडे नेफिन बेग रांगेतील शिखरे एकामागून एक उभी असतात. त्यांच्या पलीकडे क्लू उपसागर आणि त्याच्या काठी ७६४ मीटर उंचीचा, टोकदार क्रो पॅट्रिक दिसतो. त्या पवित्र पर्वतावर दरवर्षी जुलैच्या शेवटच्या रविवारी यात्रेकरूंची रीघ लागते आणि काही श्रद्धाळू अनवाणी चढतात. आग्नेयेस एकटाच उभा असलेला ८०६ मीटर उंचीचा नेफिन दिसतो. पश्चिमेस काळसर पीटमधून वळणे घेत ओवेनडफ नदी समुद्राकडे जाते. तिच्या नावाचा अर्थ ‘काळी नदी’. पीटमधून झिरपलेल्या पाण्याचा रंगच तसा गडद असतो. त्याच दिशेला समुद्रात अ‍ॅकिल बेटाचे डोंगर उठलेले दिसतात. त्यांतील क्रोअनचा कडा ६८८ मीटरांच्या शिखरावरून सागराकडे कोसळतो. युरोपातील सर्वांत उंच सागरी कड्यांत त्याची गणना होते.

वायव्येस मलेट द्वीपकल्प आणि ब्लॅकसॉडचा उपसागर पसरलेला असतो. ब्लॅकसॉडच्या लहानशा टपालकचेरीत १९४४ साली मॉरीन फ्लॅव्हिन नावाची तरुणी काम करीत असे. हवेचा दाब मोजणे आणि तो तारायंत्राने व दूरध्वनीने कळवणे हे तिच्या कामाचाच भाग होते. ३ जून १९४४ रोजी, आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, दाब झपाट्याने उतरत असल्याचे तिने पाहिले आणि तसे कळवले. त्या वेळी फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्यासाठी दोस्त राष्ट्रांचे प्रचंड सैन्य सज्ज होते. वादळ येणार हे ब्लॅकसॉडच्या नोंदींवरून स्पष्ट झाले आणि सेनापती आयझेनहॉवर यांनी ५ जूनचा बेत एक दिवस पुढे ढकलला. अटलांटिकवरून युरोपात शिरणारे हवामान प्रथम येथे पोहोचते. म्हणूनच खिंडीत बसलेला प्रवासीही पश्चिमेकडेच टक लावून पाहत असतो.

ईशान्येकडे नजर टाकली, तर दृश्य बदलते. बेलाकॉरिक भागातील सपाटीवर पवनचक्क्यांची उंच पाती फिरताना दिसतात. १९६०च्या दशकाच्या आरंभी तेथे पीट जाळून वीज निर्माण करणारे केंद्र सुरू झाले. त्यासाठी यंत्रांनी मैलोगणती पीट खरवडून काढण्यात आले. जे साठण्यास हजारो वर्षे लागली, ते एका पिढीच्या काळात धूर होऊन गेले. २००५ साली ते केंद्र बंद झाले. तत्पूर्वीच, १९९२ साली, देशातील पहिले व्यापारी पवनऊर्जा केंद्र तेथेच उभे राहिले होते. डोंगराच्या एका अंगाला खरवडलेली जमीन आणि दुसऱ्या अंगाला ओवेनडफचे अभंग पीट, असे दोन्ही देखावे एकाच माथ्यावरून दिसतात. या अभंग भागाचे रक्षण करण्यासाठी १९९८ साली येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. ‘वाइल्ड नेफिन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उद्यानाचा विस्तार आज सुमारे १५,००० हेक्टर आहे. पीट जपण्याचे आणखीही एक कारण आहे. पृथ्वीवरील जमिनीचा केवळ तीन टक्क्यांच्या आसपास भाग पीटचा आहे. परंतु जगातील सर्व अरण्यांत मिळून जितका कार्बन आहे, त्याहून अधिक कार्बन पीटमध्ये साठलेला आहे.

एवढा विस्तीर्ण मुलूख पाहताना एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. या अफाट दृश्यात माणसांची घरे किती थोडी! हा प्रदेश प्रथमपासूनच असा ओसाड होता काय?

तसे नव्हते. १८४१च्या शिरगणतीत मेयो परगण्यात सुमारे ३ लाख ८९ हजार माणसे होती. बहुतेक कुटुंबे गरीब कुळांची. त्यांच्याजवळ जमिनीचा लहानसा तुकडा असे आणि तेवढ्यात कुटुंबाचे पोट भरेल असे पीक एकच होते, ते म्हणजे बटाटा. १८४५ साली एका बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे बटाट्याला रोग पडला. हिरवीगार शेते पाहता पाहता काळी पडली आणि जमिनीतील बटाटे सडून गेले. पुढील वर्षी तर जवळजवळ सारे पीक बुडाले. देशात अन्य धान्य पिकत होते आणि ते परदेशीही जात होते. परंतु ते विकत घेण्यास गरिबांजवळ पैसा नव्हता. खंड भरता न आल्याने हजारो कुटुंबांना घरांतून बाहेर काढण्यात आले. १८५२पर्यंत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व तापाच्या साथींनी मरण पावली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक माणसे समुद्रापार गेली. या संकटात दूरदूरच्या देशांतून मदत गेली. हिंदुस्थानात कलकत्त्यास १८४६ साली त्यासाठी निधी उभारण्यात आला होता.

मेयो परगण्याची लोकसंख्या १८५१ साली सुमारे २ लाख ७४ हजारांवर आली. दहा वर्षांत एक लाखाहून अधिक माणसे नाहीशी झाली होती. मग स्थलांतराचा ओघ चालूच राहिला. २०२२च्या शिरगणतीत या परगण्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ३८ हजार, म्हणजे १८४१च्या जवळजवळ एक-तृतीयांश भरली. बँगर ट्रेलच्या कडेला छप्पर हरवलेली जी घरे दिसतात, त्यांचा अर्थ या आकड्यांत आहे. स्लीव्ह कारवरून दिसणाऱ्या अ‍ॅकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी तर ऐंशी ते शंभर दगडी घरांचे एक गावच ओस पडून राहिले आहे. घरांच्या आसपास बटाटे लावण्यासाठी केलेल्या वाफ्यांच्या ओळी तिरप्या उन्हात अजून ओळखू येतात.

आणि त्याही पूर्वी? या प्रश्नाचे उत्तर मेयोच्या उत्तर किनाऱ्यावर एका शाळामास्तरांना सापडले. पॅट्रिक कॉलफील्ड हे बेल्डेरिग गावातील शिक्षक. १९३०च्या दशकात सरपणासाठी पीट कापताना त्यांना खाली दगडांच्या राशी आढळल्या. दुसऱ्या कोणी त्या बाजूला सारून काम पुढे चालवले असते. मास्तरांनी विचार केला: हे दगड ओळीने रचलेले आहेत, म्हणजे ते माणसाने रचले असले पाहिजेत. ते पीटच्या खाली आहेत. म्हणजे पीट साठण्यापूर्वीचे असले पाहिजेत. त्यांनी ही गोष्ट राष्ट्रीय संग्रहालयाला कळवली. पुढे त्यांचे पुत्र शेमस कॉलफील्ड पुरातत्त्वज्ञ झाले आणि वडिलांना पडलेल्या कोड्याचा त्यांनी छडा लावला. लांब लोखंडी सळई पीटमध्ये खुपसावी. ती खोल गेली तर भिंत नाही, वरच अडखळली तर खाली दगड आहे, अशा साध्या युक्तीने त्यांनी न खणताच गाडलेल्या भिंतींचा नकाशा तयार केला. केजे फील्ड्स या नावाने प्रसिद्ध झालेली ही शेते सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. ज्या जमिनीवर आज शेवाळाशिवाय काही दिसत नाही, तिच्याखाली कुरणे, बांध आणि घरे होती.

स्लीव्ह कारच्या माथ्यावरून दिसणारा देखावा असा दोन अंगांनी विशाल आहे. डोळ्यांना दिसतो तो त्याचा विस्तार. मनाला कळते ती त्याची खोली. सागर, बेटे आणि शिखरे कोणालाही दिसतात. परंतु दगडांची रास, पडक्या भिंती, वाफ्यांच्या ओळी आणि खरवडलेले पीट यांचा अर्थ ज्याला लावता येतो, त्याला तोच प्रदेश एखाद्या उघड्या ग्रंथासारखा वाचता येतो. निर्जन म्हणजे इतिहास नसलेला, असे त्याला पुन्हा कधी वाटत नाही.

परतीची वाट लांबच असते. पाय थकलेले असतात आणि ठेच लागण्याचा, वाट चुकण्याचा संभव उतरतानाच अधिक असतो. म्हणून सावध प्रवासी माथ्यावर रेंगाळत नाहीत. पायथ्याच्या बँगर ट्रेलवर येईतो सूर्य कलतो. हळूहळू अंधार पडतो, पण कोठे दिवा दिसत नाही. या परिसरातील रात्र इतकी काळी असते, की २०१६ साली त्याला ‘गडद आकाशाचे उद्यान’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आकाश निरभ्र असेल, तर आकाशगंगेचा पट्टा स्पष्ट दिसतो. कमरेएवढ्या पडक्या भिंतीपाशी क्षणभर थांबलेला प्रवासी तिच्यावरचा सुटा दगड हलवत नाही आणि सोबतीला म्हणून खिशातही घालत नाही. तो दगड जेथे आहे, तेथेच राहू देऊन तो पुढची वाट चालू लागतो.

अभ्यास

१. स्लीव्ह कार उंचीने लहान असूनही तेथे पोहोचणे कठीण का आहे?
२. पीट कसे तयार होते, ते आपल्या शब्दांत सांगा. ते जपणे का आवश्यक आहे?
३. एक वाट १५ किलोमीटर लांब असून तिच्यावर ६०० मीटरांचा चढ आहे. नेस्मिथच्या नियमाप्रमाणे किती वेळ लागेल? प्रत्यक्षात अधिक वेळ लागण्याची दोन कारणे लिहा.
४. ‘घरी सुखरूप परतण्यासाठी कधी चढण्यापेक्षा अधिक धैर्य लागते.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. पॅट्रिक कॉलफील्ड यांनी दगडांच्या राशी पाहून कोणता विचार केला? त्यावरून त्यांच्या स्वभावाचा कोणता गुण दिसतो?
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: पायपीट, डोळ्यांचे पारणे फिटणे, छडा लावणे, ओस पडणे.
७. आपल्या गावाजवळच्या एखाद्या टेकडीवर किंवा माळावर वडीलधाऱ्यांसह जा. तेथे आढळणाऱ्या जुन्या खुणांची यादी करा आणि त्यांची माहिती गावातील वृद्धांना विचारून लिहा.